जुनी जपानी तलवार: कुणाचा छंद, कुणाची भीती! 'कताना' जमवणारे लोक नेमकं करतात काय, आणि कायदे त्यांच्या मागे का लागलेत?

1 ऑगस्ट 2025 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये 'निंजा तलवार' बाळगणं, विकणं, बनवणं, बाहेरून मागवणं, सगळंच गुन्हा झालं. तिथे या बदलाला 'रोनन्स लॉ' म्हणतात. 2022 मध्ये वुल्वरहॅम्प्टनमध्ये एका 16 वर्षांच्या मुलाचा अशाच तलवारीने खून झाला होता. मारणारे त्याच्याच वयाचे होते आणि त्यांनी भलत्याच मुलाला गाठलं होतं. तलवार ऑनलाईन मागवलेली होती. त्याच्या आईने तीन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे कायदा झाला.

पुढच्याच महिन्यात, 12 सप्टेंबरला, आपल्याकडे 'डीमन स्लेअर'चा सिनेमा लागला. पहाटेच्या शोला गर्दी, हातात प्लास्टिकच्या रंगीत तलवारी, रील्सचा पाऊस. त्याआधीच्या वर्षी 'शोगुन' मालिकेने एमी पुरस्कारांत 18 बाहुल्या उचलल्या होत्या. थोडक्यात, जपानी तलवार सध्या एकाच वेळी सगळ्यांना हवी आहे आणि सगळ्यांना नको आहे.

या गोंधळात एक जमात मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. जगभर असे हजारो लोक आहेत जे शेकडो वर्षं जुन्या जपानी तलवारी जमवतात. त्यात डॉक्टर असतात, रिटायर्ड इंजिनियर असतात, शिक्षक असतात. ते तलवार फिरवत नाहीत, भिंतीवर टांगत नाहीत, तिला बोटही लावत नाहीत. मग करतात काय?

बघतात. बस्स, बघतात.

खरंच. एक दिवा, त्याखाली धरलेलं पातं, आणि तासभर शांतता. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण समजलं की विचित्र वाटत नाही.

जपानी तलवारीचं पोलाद 'तामाहागाने' या नावाने ओळखलं जातं. ते नदीकाठच्या, डोंगरातल्या लोहयुक्त वाळूपासून मातीच्या भट्टीत बनतं. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो भागात अशी भट्टी आजही हिवाळ्यात पेटते. तीन दिवस, तीन रात्री सलग. सुमारे 10 टन वाळू आणि 12 टन कोळसा घातला की अडीच टनांच्या आसपास एक ओबडधोबड गोळा हाती येतो, आणि त्यातला निम्म्याहून कमी भाग तलवारीच्या लायकीचा निघतो.

हे पोलाद लोहार तापवतो, ठोकतो, दुमडतो. इथे एक गैरसमज दूर करू. 'हजार वेळा दुमडलेली तलवार' हे वाक्य तुम्ही यूट्यूबवर ऐकलं असेल. प्रत्यक्षात घड्या साधारण 10 ते 15 पडतात. पण दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणून 10 घड्यांतच हजारावर थर तयार होतात. या थरांमुळे पात्यावर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते. मग पात्यावर मातीचा लेप दिला जातो, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ, आणि लालभडक पातं पाण्यात बुडवतात. धार झटकन गार होते म्हणून कडक बनते, पाठ सावकाश गार होते म्हणून चिवट राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी धुरकट पांढरी रेघ उमटते तिला 'हामोन' म्हणतात. कुणाची सरळ, कुणाची लाटांसारखी, कुणाची लवंगेच्या कळ्यांच्या रांगेसारखी.

प्रत्येक घराण्याची, प्रत्येक लोहाराची रेघ वेगळी. गाणं ऐकून 'हे किराणा, हे जयपूर' असं ओळखणारे आपल्याकडे असतात ना, तसंच. जपानी तलवारीची पाच मोठी घराणी मानतात: यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. मुरलेला संग्राहक नाव झाकलेलं पातं बघून घराणं, काळ आणि कधीकधी थेट लोहार सांगतो. त्याच्या स्पर्धाही होतात.

आणि बोट का लावायचं नाही? कारण हाताच्या घामाने काही दिवसांत गंज धरतो. पातं मऊ कागदाने पुसायचं, लवंगेच्या वासाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, ठेवायचं. मुठीत लपलेल्या भागावर मात्र जो काळपट गंज असतो, तो चुकूनही काढायचा नाही. त्या भागाला 'नाकागो' म्हणतात. गंजाचा रंग आणि पोत पाहून तलवारीचं वय ठरतं, लोहाराची सहीही तिथेच कोरलेली असते. हौसेने घासून चकचकीत केलेला नाकागो म्हणजे जन्मदाखला धुऊन टाकण्यासारखं आहे. आजोबांची तलवार सापडली म्हणून नातवाने पॉलिश पेपरने घासली आणि तिची किंमत एका दुपारत मातीमोल झाली, हे या छंदातलं नेहमीचं रडगाणं आहे.

जपानमध्ये तलवार ठेवायला लायसन लागतं का?

नाही! इथे बहुतेक लोक चकतात. जपानसारख्या कडक कायद्याच्या देशात जुनी तलवार ठेवायला माणसाला परवाना लागत नाही. परवाना तलवारीला लागतो.

1958 च्या शस्त्र कायद्यानुसार प्रत्येक तलवारीचं एक नोंदणीपत्र असतं. लांबी, बाक, मुठीच्या खिळ्याची भोकं किती, सही काय आहे, असं सगळं त्यावर लिहिलेलं. हे पत्र पोलीस नाही, तर प्रांताचं शिक्षण मंडळ देतं. कारण सरकारच्या लेखी ती कलावस्तू आहे. तलवार विकली की नव्या मालकाने 20 दिवसांत कळवायचं, एवढंच. पण पत्र नसलेली तलवार घरात असेल तर तो गुन्हा. म्हणून आजोबा वारले, माळ्यावर तलवार सापडली, तर आधी पोलिसांना 'सापडली' असं कळवायचं आणि मग मंडळाकडे तपासणीला न्यायची.

आता यातली मेख बघा. नोंदणी फक्त पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारीची होते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत थोकाने बनवलेल्या लष्करी तलवारींची होत नाही. तशी सापडली तर ती जमा होते आणि नष्ट होते. म्हणजे तीच लष्करी तलवार अमेरिकेत एखाद्याच्या दिवाणखान्यात असते आणि तिच्या मायदेशात तिला जागा नसते.

हा नियम असा का, हे समजायला 1945 मध्ये जावं लागतं.

जेव्हा सगळ्या तलवारी वितळणार होत्या

जपानने शरणागती पत्करली आणि अमेरिकी फौजांनी हुकूम काढला, सगळी शस्त्रं जमा करा. त्यात तलवारीही आल्या. कुठली कारखान्यातली आणि कुठली सातशे वर्षांची, हे सैनिकाला काय कळणार? तलवारींचे ढीग लागले. काही वितळवल्या, काही समुद्रात टाकल्या, काही सैनिकांनी आठवण म्हणून घरी नेल्या.

जपानमध्ये तलवारींवर याआधीही गदा आली होती. 1588 मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांच्या तलवारी काढून घेतल्या, 1876 मध्ये मेइजी सरकारने सामुराईंना कमरेला तलवार लावायला बंदी केली. (योगायोग असा की त्यानंतर दोनच वर्षांनी इंग्रजांनी आपल्याकडे 1878 चा शस्त्र कायदा आणला.) पण 1876 मध्ये तलवारी घरात तरी राहिल्या होत्या. 1945 मध्ये मुळावरच घाव होता.

होन्मा जुंजी आणि त्यांच्यासारख्या काही जाणकारांनी अमेरिकी अधिकाऱ्यांना समजावलं की या शस्त्रांत कला आहे, ती वेगळी काढू द्या. कर्नल कॅडवेल नावाच्या अधिकाऱ्याने ते मान्य केलं. तोक्योतल्या आकाबाने इथल्या लष्करी गोदामात ढीग उपसून पाच हजारांहून अधिक तलवारी बाजूला काढल्या गेल्या. मालक न सापडलेल्या या 'आकाबाने तलवारी' पुढे कित्येक दशकं तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात पडून होत्या, नंतर त्या देशभरच्या संग्रहालयांना वाटल्या गेल्या. 1948 मध्ये याच मंडळींनी जपानी कला-तलवार जतन संस्था काढली. आज तलवारीच्या खरेपणाचा दाखला देणारी सगळ्यात वजनदार संस्था हीच.

पण सगळं वाचलं नाही. होन्जो मासामुने ही तलवार तोकुगावा शोगुनांकडे पिढ्यानपिढ्या होती. मासामुने हा जपानचा सगळ्यात नावाजलेला लोहार, आणि ही त्याची सर्वोत्तम तलवार मानली जायची. 1939 मध्ये तिला राष्ट्रीय संपदेचा दर्जा मिळाला होता. डिसेंबर 1945 मध्ये तोकुगावा घराण्याच्या प्रमुखाने इतरांसमोर उदाहरण ठेवायचं म्हणून ती इतर काही तलवारींसोबत तोक्योच्या मेजिरो पोलीस ठाण्यात जमा केली. जानेवारीत एक अमेरिकी सार्जंट त्या घेऊन गेला. पोलिसांच्या वहीत त्याचं जे नाव लिहिलं होतं, त्या नावाचा माणूस पुढे कुणाला सापडलाच नाही. तलवारही नाही.

ती एखाद्या समुद्राच्या तळाशी असेल, किंवा अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे असेल. अमेरिकेतला प्रत्येक हौशी संग्राहक जुन्या सामानाच्या सेलमध्ये लष्करी मुठीची तलवार दिसली की थांबतो, त्याचं कारण हे आहे. युद्धात अनेक अधिकाऱ्यांनी घरची जुनी पाती लष्करी मुठीत बसवून नेली होती.

आणि कधीकधी खरंच घबाड सापडतं. वॉल्टर कॉम्प्टन हे अमेरिकेतल्या माईल्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख. त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक तलवार घेतली. अभ्यास केल्यावर लक्षात आलं की ही कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिराची हरवलेली राष्ट्रीय संपदा, कुनिमुने नावाच्या लोहाराची. 1963 मध्ये त्यांनी ती मंदिराला परत केली, एक पैसाही न घेता. माझ्या मते या छंदाची बाजू घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. तलवार ओळखली ती एका हौशी माणसाने. त्याने अभ्यास केला नसता तर ती आणखी कुणाच्या तरी माळ्यावर गेली असती.

खरी कुठली, खोटी कुठली?

इथे भल्याभल्यांचे पैसे बुडतात.

खोटी सही हा आजचा ऑनलाईन फ्रॉड नाही, तो चार-पाचशे वर्षं जुना धंदा आहे. सामुराईला भेट द्यायला मोठ्या लोहाराची तलवार हवी असायची, खऱ्या कमी असायच्या, मग साध्या तलवारीवर मोठं नाव कोरलं जायचं. सतराव्या शतकातल्या कोतेत्सुची नक्कल तर इतकी झाली की त्याची सही दिसली की आधी खोटीच समजायची, अशी संग्राहकांत पद्धत आहे. शिन्सेनगुमीचा म्होरक्या कोंदो इसामी कोतेत्सुची तलवार मिरवायचा. तीही खोटी असावी असं अभ्यासक म्हणतात.

उलटंही होतं. सही नाही म्हणजे तलवार टाकाऊ, असं नाही. जुन्या काळी घोड्यावरून लढायच्या लांब तलवारी असत. पुढे पायी लढाईसाठी त्या खालून कापून आखूड केल्या गेल्या आणि कापताना सही गेली. त्यामुळे सातशे वर्षांपूर्वीच्या अनेक अव्वल तलवारींवर नाव नाही. खुद्द मासामुनेची सही असलेली पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

म्हणून दाखला लागतो. जतन संस्था तलवार तपासून चार पायऱ्यांपैकी एक देते: होझोन, तोकुबेत्सु होझोन, जुयो आणि सगळ्यात वर तोकुबेत्सु जुयो. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या 1982 पासूनच्या. त्याआधीची वेगळ्या रंगांची जुनी प्रमाणपत्रं बाजारात अजून फिरतात, पण त्यातल्या काहींवर संशय आहे, म्हणून जाणकार त्यांच्यावर विसंबत नाहीत.

नवख्यांनी एक शब्द पाठ करावा, 'हागिरे'. धारेवर आडवी गेलेली केसाएवढी भेग. ती असेल तर तलवार संपली, दुरुस्ती नाही. फोटोत ती दिसत नाही. ऑनलाईन 'अस्सल अँटिक कताना' म्हणून स्वस्तात जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पाती अगदी नवी असतात, हामोन ॲसिडने किंवा घासून काढलेला असतो आणि नाकागोवरचा गंज रसायनाने आणलेला असतो. जुना गंज गुळगुळीत, काळा असतो. केशरी, भुरभुरीत गंज म्हणजे परवाचा.

आणि समजा स्वस्तात गंजकं पण खरं पातं मिळालं? तर पॉलिश करायला प्रशिक्षित कारागीर लागतो. तो पातं वेगवेगळ्या दगडांवर आठवडे न् आठवडे घासतो. त्याची मजुरी कधीकधी तलवारीच्या किमतीच्या वर जाते. अनेक हौशी लोक इथेच आर्थिकदृष्ट्या 'कापले' जातात.

तलवार परवडत नाही? मग त्सुबा बघा

हा या छंदाचा कमी बोलला जाणारा, पण मला विचाराल तर जास्त गोड भाग आहे. त्सुबा म्हणजे मूठ आणि पात्याच्या मध्ये बसणारी धातूची चपटी तबकडी. हात पात्यावर घसरू नये म्हणून असते. साधारण तळहातात मावेल एवढी. आणि त्या एवढ्याशा जागेत काय काय केलंय! पावसातला बगळा, नांगर, कोळ्याचं जाळं, फुटलेलं मडकं, चंद्राकडे बघणारं माकड.

त्सुबाशिवाय मुठीवर बसवायचे छोटे दागिने म्हणजे मेनुकी, मुठीची दोन्ही टोकं, म्यानाच्या खोबणीत ठेवायची छोटी सुरी कोझुका, असे अनेक भाग. गोतो घराण्याने पंधराव्या शतकापासून शोगुनांसाठी हे काम केलं. धातूही खास. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडं सोनं, त्याला रसायनात उकळलं की कावळ्याच्या पंखासारखा निळसर काळा रंग चढतो. शिबुइची म्हणजे तांब्यात साधारण चौथा हिस्सा चांदी, रंग राखाडी.

1876 च्या बंदीनंतर हे कारागीर रातोरात बेकार झाले. त्यांनी युरोपसाठी फुलदाण्या, डब्या, बटणं बनवायला घेतली. तलवारींवरून सुटे केलेले त्सुबा पोत्यांनी युरोप-अमेरिकेत गेले आणि तिथल्या संग्रहालयांत भरले. आज साधा लोखंडी त्सुबा 10 ते 20 हजार येनमध्ये, म्हणजे साधारण 6 ते 12 हजार रुपयांत मिळू शकतो. दाखला असलेली पूर्ण तलवार मात्र काही लाख येनांपासून सुरू होते, वरची हद्द नाही. जपानमध्ये सुट्या त्सुबाला तलवारीसारखी नोंदणी लागत नाही. बरेचसे हौशी लोक म्हणूनच इथून सुरुवात करतात आणि काही आयुष्यभर इथेच रमतात.

या त्सुबांत एक प्रकार 'नानबान' नावाचा आहे. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी. जपान्यांनी पोर्तुगीजांना दिलेलं हे नाव! पोर्तुगीज जहाजं गोव्याहून निघून मकावमार्गे नागासाकीला जायची आणि तो माल बघून जपानी कारागिरांनी वेलबुट्ट्या आणि ड्रॅगनची नवी नक्षी काढली. त्याच व्यापारातून आलेल्या परदेशी पोलादाला 'नानबान तेत्सु' म्हणत. तोकुगावा इएयासुचा लोहार यासुत्सुगु तर 'हे परदेशी लोखंड वापरून केलं' असं अभिमानाने तलवारीवर कोरायचा. त्यातलं काही पोलाद भारतातलं असावं असा एक तर्क आहे. आपल्याकडे त्याच सुमारास उलट चाललं होतं. मराठे युरोपियन पात्यांना आपली मूठ बसवून तिला 'फिरंग' म्हणत होते. तिकडे नानबान, इकडे फिरंग. एकच गोरा दर्यावर्दी दोन्हीकडच्या तलवारीत नाव सोडून गेला.

मग सध्या बाजारात काय चाललंय?

दोन गोष्टी एकदम घडतायत.

पहिली, येन घसरला. 2012 मध्ये एका डॉलरला साधारण 80 येन मिळायचे, जुलै 2024 मध्ये 160 च्या पुढे गेले. म्हणजे 10 लाख येनांची तलवार अमेरिकी माणसाला साडेबारा हजार डॉलरऐवजी सव्वासहा हजारांत पडू लागली. तलवार देशाबाहेर नेणं कायदेशीर आहे. ती राष्ट्रीय संपदा किंवा तशी नोंद झालेली वस्तू नाही, असं सांस्कृतिक खात्याचं पत्र घ्यायचं, नोंदणीपत्र सरकारला परत करायचं, की निघाली. त्यामुळे मधल्या दर्जाच्या तलवारी बाहेर चालल्यात आणि घरी त्या घ्यायला माणूस कमी. जुन्या पिढीचे संग्राहक म्हातारे होतायत, मुलांना छोट्या फ्लॅटमध्ये आजोबांची तलवार म्हणजे ब्याद वाटते.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. जानेवारी 2015 मध्ये 'तोकेन रानबू' नावाचा ऑनलाईन गेम आला. त्यात जुन्या तलवारी देखण्या तरुणांच्या रूपात येतात. हसू नका. या गेममुळे हजारो तरुण मुली संग्रहालयांत खऱ्या तलवारी बघायला रांगा लावू लागल्या. ज्या दालनांत आधी निवृत्त आजोबा डुलक्या काढायचे तिथे तिकिटं संपू लागली.

याचा परिणाम ओकायामा प्रांतातल्या सेतोउची गावात दिसला. वस्ती सुमारे 37 हजार. जुन्या बिझेन घराण्याचं ओसाफुने याच हद्दीत. सेनापती उएसुगी केन्शिनची 'सान्चोमो' ही तेराव्या शतकातली तलवार, राष्ट्रीय संपदा, एका खासगी मालकाकडे होती आणि तो विकायला तयार होता. आधी केन्शिनच्या मुलखातल्या जोएत्सु शहराने 32 कोटी येन देऊ केले, पण सौदा फिसकटला. सेतोउचीने लोकांकडून वर्गणी मागितली. देशभरातून पैसे आले, त्यात गेम खेळणारे ढिगाने होते, आणि 2020 मध्ये गावाने 50 कोटी येनांना, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 34 कोटी रुपयांना, तलवार घेतली. गावात काहींनी विचारलंही, एवढ्यात किती रस्ते झाले असते? प्रश्न चुकीचा नव्हता. पण तलवार आता गावची आहे आणि ती बघायला लोक तिथे येतात.

गेमचा पैसा नामांकित तलवारींना वाचवतो. नाव नसलेल्या साध्या तलवारींना वाचवतो तो हौशी माणूसच. आणि त्याच्यावर एक अख्खी साखळी जगते. लोहार, पॉलिशवाला, म्यान बनवणारा, मुठीचा गोफ विणणारा, पात्याच्या गळ्याची पट्टी घडवणारा, सगळे वेगवेगळे कारागीर. लोहार व्हायला किमान पाच वर्षं गुरूकडे राबावं लागतं, बहुतेक बिनपगारी, मग सरकारी परीक्षा. पास झालात तरी महिन्याला दोनच लांब तलवारी बनवायची परवानगी. 1989 च्या सुमारास लोहार संघटनेत तीनशेच्या आसपास सदस्य होते, आता दोनशेच्या आत आलेत.

मग ब्रिटनचा कायदा चुकला का?

माझं उत्तर, नाही. पण अर्धवट कळला.

बंदी आलेली 'निंजा तलवार' म्हणजे 14 ते 24 इंचांचं सरळ धारेचं, विशिष्ट टोकाचं पातं. जुन्या काळात निंजा अशी तलवार वापरत होते याचा एकही भौतिक पुरावा नाही. ती सिनेमा आणि कॅटलॉगची पैदास आहे. ज्या मुलांनी ती मागवली त्यांना कला नको होती, स्वस्तातलं भय हवं होतं. ते घरपोच मिळणं बंद व्हायलाच हवं होतं.

जुन्या तलवारींचा प्रश्न ब्रिटनमध्ये 2008 लाच आला होता. 50 सेंटीमीटर आणि त्याहून लांब बाकदार तलवारींच्या विक्रीवर तेव्हा बंदी आली. संग्राहकांनी ओरड केल्यावर काही महिन्यांत सूट मिळाली, ती 1954 च्या आधीच्या किंवा पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्या तलवारींना. रास्त आहे. पण ती जुनी आहे, हे दाखवायचं कुणी? मालकाने. ज्याच्याकडे दाखला आहे तो निवांत. ज्या विधवेला नवऱ्याच्या कपाटात बिनकागदाची तलवार सापडली, ती घाबरून पोलिसांच्या पेटीत टाकून मोकळी होते. आकाबानेचा ढीग उपसायला जाणकार तरी होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण संग्राहक ती टाळतात. नानजिंगमध्ये, मनिलामध्ये या तलवारीकडे कुणी 'हामोन' म्हणून बघत नाही. 1937 मध्ये दोन जपानी अधिकाऱ्यांत तलवारीने आधी शंभर माणसं कोण मारतो अशी शर्यत लागल्याच्या बातम्या जपानी वर्तमानपत्रांनीच कौतुकाने छापल्या होत्या. 1948 मध्ये दोघांना नानजिंगमध्ये मृत्युदंड झाला. लष्करी तलवार जमवणाऱ्याने मुठीचा प्रकार आणि कारखान्याचा शिक्का जेवढा अभ्यासावा, तेवढंच हेही माहीत करून घ्यावं.

आपल्याकडे कुणाला हौस आली तर?

तर ऑर्डरचं बटण दाबायच्या आधी थांबा. 1959 च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' म्हणजे फक्त बंदूक नाही, धारदार हत्यारंही त्यात येतात, त्यांचे भागही येतात. कलम 10 नुसार शस्त्र परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. म्हणजे जपानमधून तलवार पार्सलने मागवणं हा सरळ अडकायचा रस्ता आहे. त्सुबासाठीसुद्धा आधी कस्टम्सकडून लेखी विचारून घेणं शहाणपणाचं. 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड आणि औरंगाबादमध्ये कुरिअरने आलेल्या तलवारींचे गठ्ठे पोलिसांनी पकडले होते, तेव्हापासून पार्सलमधल्या लांबट वस्तूंवर नजर असते. कॉस्प्लेसाठी लाकडी किंवा फोमची तलवार घ्या. 'बिनधारेची स्टीलची आहे' हा युक्तिवाद नाक्यावर चालेलच असं नाही.

बघायची हौस असेल तर तोक्योतल्या र्‍योगोकु भागात जतन संस्थेचं तलवार संग्रहालय आहे, उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शरद ऋतूत तोक्योत 'दाई तोकेन इची' नावाचा मोठा तलवार बाजार भरतो. तिथे व्यापाऱ्याला विचारून पातं हातात घेऊनही बघता येतं. फक्त आधी वाकून नमस्कार करायचा, बोलताना तोंड पात्याकडे करायचं नाही (थुंकीचा तुषारही गंज धरतो) आणि धार स्वतःकडे ठेवायची.

सेतोउचीसारखा प्रसंग महाराष्ट्रावरही नुकताच आला होता. एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. राज्य सरकारने ती सुमारे 47 लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपियन बनावटीचं, मूठ आपली, पाठीवर देवनागरीत मालकाचं नाव आणि 'फिरंग' हा शब्द. त्या दिवशी सोशल मीडियावर बहुतेकांनी मुठीचे फोटो टाकले. पात्याकडे फार थोड्यांनी पाहिलं.